अस्वलातून उठताना

लहान मुलांच्या नाटकातला घोडा दोन माणसांचा मिळून होतो. पुढच्या माणसाकडे डोकं, मान आणि पुढचे दोन पाय. त्याला बघायला भोकं असतात, श्वास घ्यायला हवा असते आणि खेळ संपला की मुखवटा काढून टाळ्याही तोच घेतो. मागच्या माणसाने कंबरेत वाकायचं, पुढच्याचा पट्टा घट्ट धरायचा आणि अंधारात तो नेईल तिकडे जायचं. शेपटी हलवायची दोरी तेवढी त्याच्या हातात. ही गोष्ट ज्या बाईची आहे तिने ऐन उमेदीची कैक वर्षं ही दोरी ओढण्यात घालवली. नाटकमंडळीत तिला सगळे ‘मागची’ म्हणायचे. मागची आली का, मागचीला चहा द्या, असं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि तिलाही वाटत नसणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पुढे तिला बढती मिळाली, म्हणजे अख्खं जनावर मिळालं. अस्वल झाली, लांडगा झाली, गाढव तर इतक्यांदा झाली की नवरा त्यावरून विनोद करायचाही कंटाळला. एका नाटकात ती कासव होती आणि अख्खा एक अंक तिने रंगमंच ओलांडण्यात काढला. पण माणूस ती कधीच झाली नाही. दोन पायांवर सरळ उभं राहून या टोकाकडून त्या टोकाला चालत जाणं तिच्या वाट्याला आलं नाही. एकदा धीर करून तिने व्यवस्थापकाला विचारलं होतं. तो म्हणाला, तुझ्यासारखं जनावर दुसऱ्या कुणाला जमतच नाही, तुला हलवलं तर माझं नाटक झोपेल. आता यावर माणूस काय भांडणार? स्तुती करून तोंड बंद करायची कला काही लोकांना साधलेली असते, आणि व्यवस्थापक होतात तेही तेच लोक.

मग नाटकघरच बंद पडलं. तिथे सोफे आणि कपाटं विकणारं दुकान आलं. जिथे मागची खुरांचे बूट चढवून आपल्या प्रवेशाची वाट बघत उभी राहायची, तिथे आता एक डबलबेड मांडलेला होता. मागची घरी बसली. घरात लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा, औषधांच्या दुकानात नोकरी करणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या अधूनमधून सगळ्यांना सांगतही असत. मागचीने घरातली कपाटं आवरली, मग पुन्हा आवरली. तिसऱ्यांदा आवरायला काढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या की सूनबाई, कपाटांनाही जरा दम खाऊ दे.

अशात जुन्या मंडळीतल्या दिवेवालीचा फोन आला. नाटकात ती दिवे सांभाळायची. आता एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत कॅमेरे सांभाळत होती. कंपनीला जनावरासारखं चालू शकणारं माणूस हवं होतं. दिवेवालीने दुसऱ्या कुणाचं नाव सुचवण्याचा प्रश्नच नव्हता.

कंपनीचा हॉल म्हणजे चार राखाडी भिंती, छताखाली चहूबाजूंनी कॅमेरे, जमिनीवर मऊ गाद्या आणि त्यावर चिकटपट्टीने आखलेला एक मोठा चौकोन. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालायचा. त्यावर खांदा, कोपर, मनगट, गुडघा अशा प्रत्येक सांध्यावर बोराएवढे चकचकीत गोळे लावलेले. कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही, फक्त गोळे दिसतात. गोळ्यांच्या हालचाली कॉम्प्युटर टिपून घेतो आणि त्यांच्यावर हवं ते शरीर चढवतो. पहिल्या दिवशी मागची चौकोनात हातापायांवर उभी राहिली आणि समोरच्या स्क्रीनवर एक प्रचंड तपकिरी अस्वल उभं राहिलं. तिने उजवा हात उचलला. अस्वलाने पंजा उचलला. तिने मान खाली घालून दोन्ही खांदे सैल सोडले, आणि अस्वलाच्या पाठीवरून चरबीची लाट गेली. इतकी वर्षं तिने जाजमाच्या आणि लोकरीच्या पोशाखात घाम गाळला होता, आणि आपण बाहेरून कसे दिसतो हे तिने पहिल्यांदाच बघितलं. तिने बसायला खुर्ची मागितली.

गेमचा नायक ड्रुइड होता. ड्रुइड म्हणजे जंगलाचा राखणदार, हवं तेव्हा जनावराचं रूप घेणारा. हा उंचापुरा दाढीवाला माणूस अस्वल व्हायचा, लांडगा व्हायचा, बगळा होऊन उडायचा आणि काम झालं की पुन्हा माणूस व्हायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक काटा होता. एका टोकाला सज्जन, दुसऱ्या टोकाला दुष्ट, मध्ये तटस्थ. खेळणारा जे काही करेल त्याप्रमाणे काटा सरकायचा. बुडत्याला वाचवा, काटा इकडे; प्रवाशाला लुबाडा, काटा तिकडे. ड्रुइडाने खरं तर मधोमधच राहायचं, कारण जंगल कुणाची बाजू घेत नाही, असं गेममधले म्हातारे ड्रुइड सांगायचे. पण खेळणाऱ्यांना कोण अडवणार? कंपनीत या काट्याला अलाइनमेंट म्हणत. मागची त्याला ‘कल’ म्हणायची. थोड्याच दिवसांत दिवेवालीही कल म्हणू लागली.

या गेमची ऐट अशी की जसा कल, तशी चाल. सज्जन ड्रुइड वेगळा चालणार, दुष्ट वेगळा, तटस्थ वेगळा. माणसाच्या रूपातल्या तिन्ही चाली एका तरुण नटाकडे होत्या. त्याने या कामासाठी खरीखुरी दाढी वाढवली होती. कॅमेऱ्यांना दाढी दिसत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, पण तो म्हणाला की मला आतून दिसते. सगळे त्याला दाढीवालाच म्हणू लागले. पोरगा गुणी होता, मागचीला ताई म्हणायचा, तिचे गोळे सुटले तर स्वतः लावून द्यायचा. जनावरं मात्र सगळी मागचीची. ड्रुइड अस्वलातून उठून माणूस होतो तिथे पहिला अर्धा भाग तिचा, आणि पाठ सरळ झाली की पुढचा त्याचा.

त्या सांध्यापाशी तिचं काळीज अडकलं. ती हातापायांवरून गुडघ्यांपर्यंत उठायची, दिग्दर्शिका हात वर करून थांबवायची, आणि मागची चौकोनाबाहेर जाऊन बसायची. मग दाढीवाला यायचा, गुडघ्यांवरून उठायचा आणि दोन पायांवर सरळ चालत जायचा, हात मोकळे, मान ताठ. मागचीला हेवा वाटायचा. एवढी वर्षं तिने स्वतःची समजूत घातली होती की आपल्याला त्याचं काही नाही. आता समजलं की आहे, आणि भरपूर आहे.

घरी तिने फक्त नवऱ्याला सांगितलं, मला एकदा माणूस व्हायचंय. नवऱ्याने विचारलं, मग आत्ता काय आहेस? तिने नीट समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, मग माग ना. लिफ्टवाल्याचा स्वभाव, बटण दाबल्याशिवाय काही वर येत नाही यावर त्याची श्रद्धा.

तिने मागितलं. दिग्दर्शिका वयाने तिच्याहून बरीच लहान, कामाला वाघ, आणि खोटं बोलण्याची नावड असलेली. तिने सरळ सांगितलं की दाढीवाल्याशी करार झालाय, जाहिरातीत त्याचा चेहरा आहे, आणि धिप्पाड पुरुषाची चाल तुमच्याकडून कशी घेणार? मागची म्हणाली, कॅमेऱ्याला गोळेच दिसतात ना. दिग्दर्शिका म्हणाली, पाहू. पाहू म्हणजे नाही, एवढं मराठी मागचीला येत होतं. पण ती मूग गिळून गप्प बसणाऱ्यातली आता राहिली नव्हती. तिने ठरवलं की जनावरं अशी करायची की त्यांच्यातून उठणारा माणूस यांना दुसरीकडून आणताच येऊ नये.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. तटस्थ अस्वल झकास झालं, सज्जन अस्वलही बऱ्यापैकी झालं. मग आलं दुष्ट अस्वल. मागचीचं सगळं शिक्षण मुलांच्या नाटकात झालेलं, आणि मुलांच्या नाटकात दुष्ट कोण हे शेवटच्या रांगेतल्या, लाडू खाता खाता पेंगणाऱ्या पोरालाही कळावं लागतं. तिने पाठीला कुबड काढलं, तिरक्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघितलं, दोन्ही पंजे एकमेकांवर चोळले आणि खांदे हलवून हसली. स्क्रीनवर ते राक्षसी अस्वल, चोरीचा माल हाती लागल्यासारखं हात चोळत खिदळू लागलं. सगळा हॉल लोटपोट झाला. दिवेवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाढीवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मागचीही हसली असती.

मग तिने चिडून बघितलं. ते चिडलेलं अस्वल झालं. भुकेलं केलं, ते भुकेलं झालं, उलट त्याची दयाच आली. दिग्दर्शिका दमली आणि म्हणाली, जाऊ दे, एकच अस्वल ठेवू आणि दुष्टाचे डोळे कॉम्प्युटरवर लाल करू. म्हणजे मागचीचं काम त्याच आठवड्यात संपलं, आणि त्याबरोबर माणूस व्हायची आशाही. तिने पुढच्या खेपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

घरी ती पॅसेजमध्ये हातापायांवर येरझारा घालू लागली. सासूबाई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या आणि थबकल्या.

“सूनबाई, आज कोण?”

“दुष्ट अस्वल.”

“मग जरा भिंतीकडे सर.” त्या पलीकडे गेल्या आणि वळल्या. “अस्वल कसलं गं दुष्ट? त्या बिचाऱ्याला खाऊ का झोपू एवढंच. दुष्टपणा करायला फुरसत लागते.”

हे मागचीच्या डोक्यात घोळत राहिलं. अस्वल दुष्ट नाहीच. दुष्ट आहे तो आत बसलेला माणूस. मग तो आत बसलाय हे अस्वलाच्या अंगावरून कसं कळणार? अशीच येरझारा घालताना तिच्या डाव्या गुडघ्याने कुरकुर केली, आणि तिला घोड्यातला पुढचा माणूस आठवला. हा गुडघा त्याचीच देणगी. पायरी आली की तो न सांगता उतरायचा. टाळ्या पडल्या की खुशीत उडी मारायचा आणि आत अंधारात मागची तोंडावर आपटायची. माणूस वाईट नव्हता. तिला खोकला झाला की खिशातून गोळ्या काढून द्यायचा. फक्त घोड्यात शिरला की आपल्याला मागचे पाय आहेत हेच तो विसरायचा. त्याच्या आधी पुढे एक वयस्क नटी असायची. ती पायरी येण्याआधी टाच हळूच आपटून मागचीला कळवायची. पोशाख तोच, उडी तीच, पण तिच्या घोड्यावर हात फिरवायला मुलं रंगमंचाकडे धावायची आणि त्याच्या घोड्याला पहिल्या रांगेतली मुलं बिचकायची. मुलांना आतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना नुसतं दिसत होतं.

मागची पॅसेजमध्येच बसकण मारून बसली. तिला राग आला, इतक्या वर्षांनी आणि चांगलाच सणसणून आला. मग लक्षात आलं की हा राग कामाचा आहे.

पुढच्या खेपेला तिने दिवेवालीकडून गाद्यांखाली लाकडी ठोकळे ठेवून घेतले, दगडधोंडे म्हणून. दुष्ट अस्वल निघालं. ते काहीच चिडकं नव्हतं. खांदे पुढे रेटत होतं आणि मागचं धड नुसतं फरपटत येत होतं. ठोकळ्यावर पाय पडला, मुरगळला, तरी अस्वलाने खाली बघितलं नाही, चाल कमी केली नाही. वास घेतला नाही, जखम चाटली नाही. भाड्याने आणलेल्या गाडीला खड्ड्यांतून पिदडावं तसं कुणीतरी ते अंग हाकत होतं. मग तिने सज्जन अस्वल नव्याने केलं. आता पुढचे पाय थांबायचे, मागच्यांना जागा मिळाली का बघायचे आणि मग पुढे सरकायचे. दिवेवालीच्या हातात कप होता, तो तिने प्यायचं सोडून खाली ठेवला. दिग्दर्शिका बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग ती म्हणाली की हे बघून मला कसंतरी होतंय, आणि हेच हवं होतं.

लाल डोळ्यांचा विषय मिटला. पण आता सांधा जुळेना. त्या अस्वलातून दाढीवाला उठायचा तो छाती काढून, ओठ मुडपून, खांद्यावरचा नसलेला झगा झटकून. खाली एक माणूस आणि वर दुसराच. त्याने मनापासून खटपट केली, पुन्हा पुन्हा उठला, घामाघूम झाला. शेवटी चौकोनाच्या कडेला बसलेल्या मागचीकडे वळला.

“ताई, तुम्हीच दाखवा ना. मला समजतंय, पण अंगात येत नाहीये.”

दिग्दर्शिकेने मान डोलावली. मागची उठली. चौकोनात जाता जाता दिवेवालीच्या टेबलापाशी वाकून म्हणाली, “बंद करू नकोस.” दिवेवालीने तिच्याकडे बघितलं आणि बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

अस्वल आलं, थांबलं. आतल्या माणसाचं त्याच्याशी काम संपलं. आधी डोकं आणि खांदे उठले, जणू सगळं अंग उठलंच आहे. कंबर आणि पाय अजून खालीच, जनावराचे, विसरलेले. मग तेही ओढल्यासारखे वर आले. दिग्दर्शिकेचा हात सवयीने वर जायला लागला, पण मागचीने तिकडे बघितलंच नाही. ती उभी राहिली आणि चालू लागली. चौकोनाच्या या टोकाकडून त्या टोकाला, दुखऱ्या गुडघ्यावर पूर्ण भार टाकत, मागे काय राहिलं याची पर्वा न करता. वळली, परत आली. ठोकळ्यावर बसली, उठली. वाटेत कुणी उभं आहे असं समजून त्याला न बघता बाजूला सारलं. तिला थांबावंसं वाटत नव्हतं, आणि ती थांबली नाही. स्क्रीनवर एक धिप्पाड दाढीवाला माणूस चालत होता आणि तो माणूस कुणालाच आवडला नसता, पण त्याच्यावरून नजर काढता येत नव्हती.

दाढीवाल्याने आधी टाळी वाजवली. मग म्हणाला की दुष्टाची चाल यांचीच ठेवा, माझ्याकडून हे व्हायचं नाही. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला मोठं मन लागतं, आणि ते त्याच्याकडे होतं, दाढीसकट. दिग्दर्शिका वरच्या लोकांशी भांडायला गेली. बऱ्याच दिवसांनी उत्तर मिळालं. सज्जन आणि तटस्थ माणूस दाढीवाल्याचाच राहणार. जाहिरातीतला चेहरा बदलता येत नाही. दुष्ट माणूस मागचीने करावा. त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण काटा पार त्या टोकापर्यंत नेणारे लोक फारच थोडे. दिग्दर्शिकेने हेही लपवलं नाही. म्हणाली, खरं सांगते, बहुतेकांना तुमचा माणूस दिसणारच नाही. लोक घरी बसून खेळतानाही चांगलंच वागतात.

“चालेल,” मागची म्हणाली.

ती रुसली नाही, खट्टूही झाली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून तिने पुढचे महिने काम केलं. दुष्ट माणसाचं चालणं, धावणं, जिना चढणं, दार लोटणं, पाणी पिणं, एवढंच काय तर झोपलेल्या माणसाला ओलांडून जाणं. प्रत्येक हालचाल ती अशी घासूनपुसून करायची की जणू सगळं जग तेवढंच बघायला येणार आहे. घरी मात्र ती दार हळू लावायला लागली होती, असं नवऱ्याचं निरीक्षण.

गेम बाजारात आला आणि मुलीने तो घरी आणला. सुट्टीची दुपार होती. चौघं टीव्हीसमोर बसले, सासूबाई खास आरामखुर्चीत. मुलगी म्हणजे लिफ्टमध्ये शेवटचा माणूस शिरेपर्यंत बटण दाबून उभी राहणारी. तिने ड्रुइडाला हातात घेतल्याबरोबर एका म्हातारीची हरवलेली शेळी शोधून दिली, जखमी वाटसरूला पाठीवरून गावात पोचवलं, मुलांना नदी पार करून दिली. अस्वल व्हायची वेळ आली, ती अस्वल झाली. आईचं अस्वल बघून सगळे खूश झाले. मग अस्वल उठलं आणि दाढीवाला झाला, हसतमुख, हात मोकळे.

“हा कोण?” सासूबाई म्हणाल्या. “तू कुठेयस?”

“तो सज्जन आहे,” मागची म्हणाली. “वाईट वागल्याशिवाय मी येत नाही.”

मग मुलीने कंबर कसली. बाजारात एक सफरचंद चोरलं. चोरलं, आणि फळवालीचा चेहरा बघून परत नेऊन दिलं. काटा जागच्या जागी. एका भिकाऱ्याला धक्का दिला आणि स्वतःच्या नकळत तोंडाने सॉरी म्हणाली. ते गेमला ऐकू गेलं नाही, पण पुढच्याच वळणावर तिने त्याला भाकर दिली, ती गेमने मोजली. नवरा म्हणाला, अशाने तुझी आई पुढच्या वर्षी येईल. तो स्वतः एखादा शेतकरी लुबाडायचा सल्ला देत होता, पण तोही चाचरत.

सासूबाईंनी आरामखुर्ची पुढे ओढली.

“ती गिरणी जाळ.”

सगळ्यांनी वळून बघितलं. मुलगी म्हणाली, आजी, अख्ख्या गावाचं हिवाळ्याचं धान्य आहे आत, ते आधी बाहेर काढू का? सासूबाईंनी विचारलं, काढलंस तर काटा हलेल? मुलगी म्हणाली, नाही.

“मग राहू दे आतच.”

गिरणी जळाली. काटा सरकला. सासूबाईंना आता गती आली. त्यांनी पूल मोडायला लावला, वाटसरूचं घोडं पळवायला लावलं, मघाच्याच म्हातारीची शेळी विकायला लावली. शेवटी नदीकाठी एक आंधळा नावाडी भेटला. त्याने ड्रुइडावर विश्वास ठेवून नावेत घेतलं आणि बेटावर पोचल्यावर पाणी प्यायला खाली उतरला. मुलीने अंगठा बटणावरून उचलला. आजीने नुसतं बोटाने नावेकडे दाखवलं. नाव निघाली, नावाडी काठावर हाका मारत राहिला आणि काटा शेवटच्या टोकाला जाऊन टेकला. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकराने जन्मात कुणाचा पेन उसना घेऊन ठेवला नव्हता.

पलीकडच्या काठावर ड्रुइड अस्वल झाला. खांदे पुढे, मागचं धड फरपटत, काट्याकुट्यांतून सरळ. मग थांबला. डोकं उठलं, खांदे उठले, कंबर आणि पाय मागून ओढले गेले, आणि माणूस उभा राहून चालू लागला.

नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सासूबाई आरामखुर्चीत मागे सरकल्या. म्हणाल्या, मला भीती वाटली, सूनबाई. आणि तिचा हात धरून ठेवला. मुलगी कंट्रोलरची दांडी पुढे रेटत राहिली, कारण ती रेटत होती तोवर आई चालत होती. ड्रुइड जळक्या गिरणीवरून गेला, मोडक्या पुलाखालून गेला. लोक दारं लावून घेत होते.

वेशीवर एक वृद्ध ड्रुइड बाई वाट अडवून उभी होती. ती म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही. इथे गुडघे टेक, मी तुझा कल पुन्हा मध्यावर आणीन. आंधळ्याला नाव मिळेल, गावाला धान्य मिळेल, सगळे तुला विसरतील. खाली दोन बटणं उजळली: गुडघे टेक, पुढे जा. मुलीने सुस्कारा सोडला आणि तिचा अंगठा आपोआप पहिल्या बटणाकडे गेला. गुडघे टेकले असते तर काटा मध्ये आला असता, आणि उठला असता तो दाढीवाला.

“नको,” मागची म्हणाली.

“अगं पण आई, सगळ्यांचं भलं होतंय. त्या नावाड्याचं बघ ना.”

“माहितीये मला. गुडघे टेकू नकोस.”

मुलीने तिच्याकडे बघितलं, मग आजीकडे. आजीने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मुलीने दुसरं बटण दाबलं. म्हातारी बाजूला झाली. मागचीला त्या आंधळ्याचं वाईट वाटत होतं, खरोखर वाटत होतं. ती सोफ्याच्या कडेला सरकून बसली आणि वेशीबाहेरच्या उघड्या रस्त्याने तो माणूस दोन पायांवर लांब जाताना बघत राहिली.